तुरट रंग

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही टेम्पो घेऊन वाईच्या बाजारपेठेतून फिरतो. दुकानांच्या शटरवर, रिक्षांच्या काचेवर, पिठाच्या गिरणीच्या चौकटीवर आदल्या दिवशीची झेंडूची तोरणं सुकत लटकलेली असतात. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं, ही बाई कसला तरी नवस फेडतेय. आता दुकानदार स्वतःहून हाक मारतात, "ताई, आमचं तोरण काढून ठेवलंय, तेवढं घेऊन जा." दुपारपर्यंत पंधरा-वीस पोती भरतात आणि टेम्पो कृष्णाकाठच्या आमच्या शेडकडे वळतो.

मग खरं काम सुरू होतं. तोरणातला दोरा ओढून काढायचा. आंब्याची पानं, आपट्याची पानं, एखादी टाचणी, चमकीचा कागद बाजूला करायचा. प्रत्येक फूल हातात घेऊन देठाकडून पिरगळायचं आणि पाकळ्या सुट्या करायच्या. हिरवा भाग आत गेला की पिवळ्याला मळकट झाक येते, म्हणून हे काम यंत्राला देता येत नाही. तासाभरात बोटांची टोकं पिवळी पडतात, नखांच्या कडा काळपट होतात आणि झेंडूचा उग्र, कडवट वास दुपारच्या भाकरीलाही येतो. पाकळ्या सावलीत वाळवायच्या. दहा किलो ओल्या पाकळ्यांचा वाळून जेमतेम एक-सव्वा किलो ऐवज उरतो. तेवढ्यात दोन साड्यांना मनासारखा पिवळा चढतो.

मी कापडाची डिझायनर. वनस्पतींच्या रंगात काम करायला लागून सतरा वर्षं झाली. प्रदर्शनात स्टॉलवर येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो: हा रंग कशाचा? मी सांगते, झेंडूचा. तो खूश होतो. घरी जाऊन बीट उकळतो, जास्वंद उकळतो, पांढरा रुमाल त्यात बुडवतो, सुंदर गुलाबी झालेला रुमाल दोरीवर वाळत घालतो आणि आठवड्याने मला फोन करतो, "उतरला हो." बीट, जास्वंद, जांभूळ, लाल कोबी यांचा रंग उतरणारच. रंग देणारी झाडं भरपूर आहेत. टिकणारा रंग देणारी फार थोडी. रंगाऱ्याची सगळी विद्या टिकवण्याची आहे. त्या विद्येला एक चव आहे, आणि ती चव तुरट आहे.

सुती कापड सहजासहजी कुणाला जवळ करत नाही. रेशीम आणि लोकर प्राण्यांपासून आलेली, प्रथिनांची बनलेली. तुरटीच्या पाण्यात घातली की ती त्यातला धातू धरून ठेवतात आणि तो धातू पुढे रंगाला धरतो. कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्यावर धातू नीट बसत नाही. म्हणून सुताला आधी हिरडा द्यावा लागतो. कोरं कापड धुण्याच्या सोड्यात तास-दीड तास उकळायचं. स्वच्छ दिसणाऱ्या त्या कापडातून चहासारखं पाणी निघतं. ते कापसाचं मेण आणि मागावरची खळ. मग एक किलो कापडाला दीड-दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड, रात्रभर भिजवलेली. कापड त्यात घोळवून, न धुता, उन्हात वाळवायचं. ते लोण्यासारखं पिवळट होतं. मग तुरटी, शंभर ते दीडशे ग्रॅम. पुन्हा वाळवण, पुन्हा धुणं. एवढं झालं की रंगाचं भांडं चुलीवर चढतं. तोवर तिसरा दिवस उजाडलेला असतो.

हिरडा तुरट. तुरटीच्या तर नावातच ती चव. डाळिंबाची साल, कात, बाभळीची साल, सुपारी, सगळी तुरट आणि सगळी रंगाऱ्याच्या कामाची. हिरड्याचा तुकडा जिभेवर ठेवला की त्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून जीभ ओढल्यासारखी होते. हेच टॅनिन चामडं कमावताना कातड्याला धरतं, आणि सुताच्या धाग्याला चिकटून धातूला बसायला जागा करून देतं. समुद्रकाठी पूर्वी सुती जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत, खाऱ्या पाण्यात ती लवकर कुजू नयेत म्हणून. तिथेही हीच करामत. आयुर्वेदात सहा रसांतल्या तुरट रसाला कषाय म्हणतात, आणि संन्याशाच्या भगव्या-तांबूस वस्त्राला काषाय. दोन्ही शब्द एकाच घरचे. ज्याने हे नाव ठेवलं त्याने कधीतरी हात रंगवून घेतलेले असणार, असं मला नेहमी वाटतं.

आमच्या मावशींना संस्कृत येत नाही. चौदा वर्षांपूर्वी त्या शेतमजुरी सोडून आमच्याकडे आल्या. ओळखीच्या झाडाची नवी साल, नवं फळ शेडमध्ये आलं की त्या आधी दाताने टवका काढतात, चघळतात आणि थुंकतात. "हाय ह्यात दम," म्हणाल्या की मी ते भांड्यात घालते. "ह्यात काय न्हाई, ताई," म्हणाल्या तर सहसा त्यात काही नसतंच.

०००

शिकून बाहेर पडले तेव्हा मला झाडांची नावं ठाऊक होती, हा तुरटपणा ठाऊक नव्हता. पहिल्याच वर्षी फाल्गुनात पळस फुलला. माळावरची झाडं पेटल्यासारखी दिसत होती. होळीचा रंग ज्या फुलांचा करतात तीच ही फुलं, कापडावर किती देखणी दिसतील या विचाराने मी झपाटून गेले. पंचवीस स्टोल रंगवले. हिरडा दिला नाही, कारण हिरड्याने केशरी थोडा मंदावतो आणि मला तो झगझगीत हवा होता. मुंबईतल्या एका दुकानाने सगळे घेतले, दर्शनी काचेत मांडले.

पाच आठवड्यांनी पार्सल परत आलं. घडीच्या आत, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे फाल्गुन जसाच्या तसा होता. बाहेरची बाजू जुन्या वर्तमानपत्रासारखी झाली होती. घडीच्या रेषेवर केशरी आणि मळका असे दोन रंग पट्टीने आखल्यासारखे शेजारी शेजारी. दुकानाच्या बाईंनी चिठ्ठीत एकच ओळ लिहिली होती, "गिऱ्हाईकाला काय सांगू?"

पैसे परत केले. त्यातला एक स्टोल मी ठेवून दिला आहे आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हातात पहिल्या दिवशी तो देते. तेव्हापासून कुठलाही नवा रंग विकायला काढण्याआधी त्याची पट्टी पुठ्ठ्याखाली अर्धी झाकून गच्चीवर ठेवायची, चैत्र-वैशाखाचं पुरं ऊन खाऊ द्यायचं, असा आमचा नेम आहे. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरले की तो रंग कुठवर जाईल ते कळतं. हळद या परीक्षेत चार दिवसही टिकत नाही. ते सांगायला प्रयोगशाळा नको. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात टाकला की जातो, हे आपल्याकडे प्रत्येक घरात ठाऊक असतं. तरीही हळदीने रंगवलेलं कापड 'नैसर्गिक' म्हणून सर्रास विकलं जातं. विकणाऱ्याने निदान सांगावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.

उन्हातून तावून निघणारे रंग मोजके. मंजिष्ठेचा लाल, नीळ, काताचा तपकिरी, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, हिरडा आणि लोखंडाचा काळा. झेंडू त्यांच्या खालोखाल. लोक हिरवा मागतात आणि मला वाटतं हा प्रश्न सगळ्यांत सुंदर आहे. भोवती एवढी पानं, तर हिरवा सोपा असायला हवा. पण पानांतला हिरवा कापडावर राहत नाही, काही दिवसांत शेवाळी-राखाडी होतो. टिकणारा हिरवा करायचा तर आधी नीळ, तिच्यावर डाळिंब किंवा झेंडू. निळ्यावर पिवळा.

०००

आमचा हिरडा भोरच्या डोंगरातून आणि आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातून येतो. कोवळा तोडलेला तो बाळहिरडा, औषधाला जातो आणि त्याला भाव बरा मिळतो. पिकलेला मोठा हिरडा आमच्या आणि चामडं कमावणाऱ्यांच्या कामाचा. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी भीमाशंकरच्या बाजूच्या एका महादेव कोळ्यांच्या गावात चार दिवस राहिले. बाळहिरड्याचा हंगाम होता. पुरुष झाडावर चढून फांद्या झोडपत होते, खाली बायका-पोरं पाचोळ्यातून फळं वेचत होती. अंगणात, ओट्यावर, घराच्या पत्र्यावर, देवळाच्या फरशीवर, जिथे जागा मिळेल तिथे हिरडा वाळत पडलेला. हिरवी फळं वाळता वाळता काळी पडतात आणि चालताना पायाखाली कडकड वाजतात. भातशेतीवर वर्ष निघत नाही. हिरड्याच्या पैशावर बियाणं, शाळेचा खर्च, दुखणंखुपणं भागतं.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली हिरड्याची झाडं उन्मळून पाडली. भातखाचर बुडालं तर त्याचा पंचनामा कसा करायचा हे ठरलेलं असतं. हिरड्याच्या भरपाईसाठी इथल्या लोकांना मोर्चे काढावे लागले. ज्यांच्या ओट्यावर मी बसले होते त्या आजोबांनी समोरच्या उतारावरची मोकळी जागा दाखवली. म्हणाले, "भात बुडालं तर पुढल्या सालाला पुन्यांदा लावता येतंय. हे झाड लावलं तर हिरडा नातवाला." माझ्या साडीच्या लेबलवर मी 'हिरडा, तुरटी, मंजिष्ठा' असं छापते. त्या चार दिवसांनंतर लेबलवर त्या डोंगराचं नावही येतं, आणि हिरडा मी व्यापाऱ्याकडून न घेता थेट तिथून आणते, मोठ्या हिरड्यालाही बाळहिरड्याच्या जवळपासचा भाव देऊन. फार मोठी गोष्ट नाही. पण सुताला धातू धरून ठेवायला जे फळ लागतं, ते वेचणारा माणूस या सगळ्या व्यवहारात दिसतच नव्हता, याची मला लाज वाटली होती.

मंजिष्ठा मात्र मी अजूनही पुण्यातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणते. वैद्याच्या यादीत ती रक्तशुद्धीसाठी असते, माझ्या यादीत लालासाठी. हिरडा, कात, लोध्र, डाळिंबसाल, हळद, सगळं एकाच फळीवर. लोध्राच्या झाडात ॲल्युमिनियम साठतं, म्हणून त्याची साल रंग धरायला तुरटीसारखी उपयोगी पडते. ज्यांनी ती पूर्वी वापरली त्यांना ॲल्युमिनियम हा शब्दही माहीत नव्हता. औषध आणि रंग यांचं दुकान एक असणं मला फार अर्थपूर्ण वाटतं. १८९२ साली पुण्यात सार्वजनिक गणपती बसवणारे भाऊसाहेब रंगारी मूळचे जावळे, व्यवसायाने वैद्य. घराण्यात शालू रंगवण्याचं काम होतं, त्यावरून रंगारी हे नाव. एकाच माणसाच्या घरात खल आणि रंगाची कढई. त्या गणपतीसमोरून दरवर्षी हजारो लोक जातात. नावातला तो रंग कुणाच्या लक्षात येतो की नाही, कोण जाणे.

असाच एक दुवा आपल्या नामदेवांचा. आपण त्यांना शिंपी म्हणून ओळखतो. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि तिथे ते छीपा म्हणून येतात, म्हणजे कापडावर छपाई करणारे. राजस्थानात बगरू आणि सांगानेरला ठसे मारणारे छिपे आजही स्वतःला नामदेवांचे म्हणवतात. मी पहिल्यांदा बगरूला गेले तेव्हा ठशांच्या फळीशेजारी विठ्ठलाच्या या भक्ताची तसबीर पाहिली आणि परक्या मुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

०००

छपाईचं सांगायलाच हवं, कारण डिझायनर म्हणून माझं खरं काम तिथे आहे. लोकांना वाटतं आम्ही रंगाने छापतो. आम्ही छापतो तुरटीने. हिरडा दिलेलं कापड पाटावर ताणून बसवायचं. तुरटी चिंचोक्याच्या खळीत किंवा डिंकात घोटून दाट करायची आणि सागवानी ठसा तिच्यात टेकवून कापडावर मारायचा. हे सगळं दिसत नाही. तुरटीला रंग नसतो. छापलं कुठे आणि राहिलं कुठे हे कळावं म्हणून खळीत चिमूटभर गेरू टाकतो, तो पुढे धुऊन जातो. काळ्यासाठी दुसरा ठसा, लोखंडाच्या पाण्याचा: गंजकं लोखंड, जुने खिळे, घोड्याचा नाल, गुळाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवलेले. ते पाणी हिरड्यावर पडताच काळं होतं.

मग कापड मंजिष्ठेच्या भांड्यात जातं. मंद आच, सतत ढवळणं. घाईने उकळलं की लालाचा विटकरी होतो. पहिली वीस मिनिटं सगळंच गढूळ गुलाबी दिसतं. नंतर जिथे तुरटी आहे तिथे लाल गोळा व्हायला लागतो, लोखंड आहे तिथे काळा गडद होतो, आणि जिथे काही नाही तिथलं कापड गुलाबी धरतं पण सोडूनही देतं. भांडं एक, पाणी एक, मूळ एक, आणि त्यातून लाल वेलीला काळी किनार असलेली साडी बाहेर येते. मी तीन आठवडे जे डोळ्यांपुढे धरून असते ते तेव्हा पहिल्यांदा दिसतं. सतरा वर्षं झाली, अजूनही त्या क्षणी माझ्या छातीत धडधडतं. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा जो तुकडा सापडला, तोही मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळाने रंगवलेला होता. चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी याच भांड्यापाशी असंच वाकून उभं होतं.

या कामात पाण्याएवढं महत्त्व कशालाच नाही. आमच्याकडे तीन पाणी आहेत: नदीचं, विहिरीचं आणि पन्हाळीखाली टाकीत साठवलेलं पावसाचं. विहिरीच्या पाण्यात चुन्याचा अंश असतो, तो मंजिष्ठेला मानवतो, लाल उठून दिसतो. झेंडूला पावसाचं पाणी चांगलं. लोखंड कशातच नको, थोडंसं असलं तरी पिवळा हिरवट पडतो आणि लाल काळवंडतो. कच्छमधल्या धमडका गावाची गोष्ट रंगकाम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असते. अजरख छापणारे खत्री सिंधमधून आले आणि सारण नदीच्या पाण्यासाठी तिथे वसले. पुढे नदी आटली. २००१ च्या भूकंपानंतर जमिनीखालच्या पाण्यात लोखंड वाढलं आणि रंग बिघडायला लागले. तेव्हा त्यांच्यातल्या अनेक कुटुंबांनी चांगलं पाणी शोधत भुजजवळ नवं गाव वसवलं, अजरखपूर. डॉ. इस्माईल मोहम्मद खत्री हे त्यातलं मोठं नाव. २००३ साली इंग्लंडमधल्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. त्यांचे वडील मोहम्मद सिद्दीक यांनी १९७० च्या दशकात रासायनिक रंगांकडून पुन्हा झाडांच्या रंगांकडे वळायचं ठरवलं नसतं तर आमच्या पिढीला विचारायला जायला घरच नसतं. रंगासाठी अख्खं गाव उचलून पाण्यामागे जाणं, हे मला माझ्या शेडमध्ये पाणी तपासताना नेहमी आठवतं.

०००

नीळ या सगळ्या तुरट घराण्याबाहेरची. तिला हिरडा नको, तुरटी नको. तिची अट वेगळी: ती पाण्यात विरघळतच नाही. पाण्यातला प्राणवायू काढून घेतला की ती विरघळते, पिवळट-हिरवी होते, कापडात शिरते, आणि बाहेर हवा लागली की पुन्हा निळी होऊन तिथेच अडकते. तमिळनाडूतल्या तिंडिवनमच्या बाजूच्या निळीच्या वड्या आम्ही आणतो, पाण्यात वाटतो, मातीच्या माठात घालतो. एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग गूळ. दुसरा माठ जुन्या पद्धतीचा, टाकळ्याच्या बियांवर आंबवलेला. पहिल्या पावसात ज्या टाकळ्याची आपण भाजी करतो, त्याच्याच शेंगा दिवाळीनंतर वाळतात. मावशी रस्त्याच्या कडेने त्या ओरबाडून आणतात. बिया शिजवून लगदा माठात घातला की चार-पाच दिवसांत माठ 'उठतो'. वर तांब्यासारखी साय धरते, मधोमध निळा फेस येतो, त्याला आम्ही फूल म्हणतो. फूल नसेल तर माठ झोपलाय. थंडीत तो फार झोपतो; मग भोवती पेंढा लावायचा आणि गोणपाट गुंडाळायचं.

कापड ओलं करून, पिळून, हवेचा बुडबुडा होऊ न देता हळूच आत सोडायचं. पाच मिनिटांनी बाहेर काढलं की ते पोपटी असतं. डोळ्यांदेखत कडेकडून निळं व्हायला लागतं, जणू कुणी श्वास सोडतंय. एका बुडीने आकाशी येतो. गडद निळा हवा तर दहा-बारा बुड्या, दोन बुड्यांमध्ये वारा. घाईघाईने दाट माठात एकदाच बुडवलेला निळा हाताला लागतो; पातळ माठात बारा वेळा बुडवलेला लागत नाही.

निळीचं नाव घेताना मान खाली जाते, तेही लिहायला हवं. बंगालात १८५९-६० साली शेतकऱ्यांनी नीळ पेरायला नकार देऊन बंड केलं. चंपारणात प्रत्येक बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे निळीखाली ठेवायची सक्ती होती. ती मोडायला १९१७ साली गांधीजी तिथे गेले. तोवर जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने वर्षानुवर्षं आणि एक कोटी ऐंशी लाख सुवर्ण मार्क खर्चून कारखान्यातली नीळ १८९७ मध्ये बाजारात आणली होती आणि शेतातली नीळ मोडकळीला आली होती. मंजिष्ठेच्या जातीतला मुख्य लाल तर त्याआधीच, १८६८ साली, जर्मनीतल्या ग्रेबे आणि लीबरमान यांनी डांबरातून बनवून दाखवला होता. झाडाचा रंग म्हणजे आपोआप निष्पाप, असं मला कधीच म्हणवत नाही. कुणी पिकवला, कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या मर्जीने, हे विचारावंच लागतं.

आणि आमच्या शेडचा हिशेबही मांडावाच लागतो. एक किलो कापड कोऱ्यापासून छापील लालापर्यंत नेईस्तोवर आमचं शंभर लिटरच्या वर पाणी जातं. सोलरवर पाणी तापवून घेतो, मंजिष्ठेचं उरलेलं पाणी फिक्या गुलाबीला वापरतो, तुरटीचं पाणी चुन्याने निवळून झाडांना देतो. तरी लाकूड जळतंच. रंग खुलवायला पूर्वी क्रोमियमचे क्षार आणि मोरचूदही वापरत. ते विषारी, म्हणून आम्ही हात लावत नाही आणि त्यामुळे काही छटा आम्हाला मिळत नाहीत. सगळ्या जगाने झाडांच्या रंगाचे कपडे घालावेत असं मी म्हणणार नाही. तेवढी जमीन आणि तेवढं पाणी नाही. वर्षाला एक साडी, ती पंधरा वर्षं नेसली जावी, एवढं मला पुरे आहे.

बाजाराशी माझं भांडण आहे ते 'एकसारख्या'वरून. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीने जानेवारीत नमुना पसंत केला आणि जुलैत एकशे वीस मीटर कापड मागितलं. पावसाळ्यात नदी वेगळी असते, वाळवण वेगळं असतं. माल पाठवताना मी हे लिहून दिलं होतं. अख्खा माल परत आला: नमुन्यापेक्षा छटा दोन बोटं गडद. कापडात खोट नव्हती, रंग पक्का होता. पण त्या कंपनीत रंग यंत्राने मोजत होते, आणि यंत्राला आषाढ माहीत नव्हता. त्या महिन्यात शेडमधल्या सहा जणींचा पगार मी दागिना गहाण ठेवून दिला. त्यानंतर एक वही सुरू केली. प्रत्येक घाण्याची चिंधी टाचणीने लावलेली, शेजारी तारीख, पाणी कुठलं, ऊन कसं, भांड्यावर कोण होतं. वहीला आता जाड पुठ्ठे बांधलेत, पानं रंगांनी फुगली आहेत. गिऱ्हाईक आलं की नमुना न दाखवता मी वही उघडते आणि विचारते, तुम्हाला कुठला महिना हवाय?

०००

वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही चुली विझवतो. दसऱ्याच्या पाकळ्या तोवर वाळून डब्यांत भरलेल्या असतात. निळीच्या माठाला सुट्टी नसते. दिवाळीतही रोज कुणीतरी येऊन ढवळतं, गुळाचा खडा घालतं आणि झाकण ठेवून जातं. त्या दिवशी सहाही जणी कपाटातून एकेक साडी निवडून घेतात. आमची साडी साडेसात हजारांना जाते. एरवी त्यांच्यापैकी कुणी ती विकत घेणार नाही, हे मलाही माहीत आहे आणि त्यांनाही.

गेल्या वर्षी मावशींनी वरच्या दोन छान साड्या बाजूला सारल्या आणि तळाची एक ओढून काढली. मंजिष्ठेची, पण लाल थोडा मंद, आणि पदराजवळ हातभर फिकट पट्टा. विकण्याजोगी नाही म्हणून मी ती मागे टाकली होती.

"ती कशाला, मावशी? दुसरी घ्या ना."

त्यांनी त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "ही आखाडातली. नदीला गढूळ पाणी आल्तं आन् तुमी पुण्याला. निवळस्तवर थांबाया पायजे हुतं, मी घाई केली."

मग साडीचं टोक तोंडात धरून ओलं केलं, पांढऱ्या रुमालावर खसाखसा घासलं आणि रुमाल उजेडाकडे धरला.

"उतरत न्हाई पन," म्हणाल्या, आणि साडी पिशवीत घातली.